तावडेबाईंची अट

माझ्यावर सगळ्यात जास्त उपकार कुणाचे, असं कुणी विचारलं तर मी आईवडिलांच्या आधी विजया तावडे हे नाव घेतो. आईवडिलांना त्याचं वाईट वाटत नाही. आई तर स्वतःच सांगते, "जलम आम्ही दिला, पर माणसात त्या बाईनं आणलं."

बाई मला पहिल्यांदा भेटल्या त्या फोर्टातल्या एका सरकारी कार्यालयात. आजऱ्याच्या कॉलेजातून बी.ए. होऊन, परीक्षा देऊन मी सहायक म्हणून लागलो होतो. आमच्या घराण्यात पदवी घेतलेला मीच पहिला. राहायला फणसवाडीत एका म्हाताऱ्या जोडप्याकडे खाट मिळाली होती. रस्ता ओलांडताना, लिफ्टमध्ये शिरताना, इंग्रजी शब्द कानावर पडताना, सगळीकडे मला भीती वाटायची. नेमणुकीचा कागद धरून मी त्यांच्या टेबलापुढे उभा राहिलो. त्यांनी कागदाकडे पाहिलंच नाही. माझ्या तोंडाकडे पाहत राहिल्या.

"घरात पहिलाच का रे शिकलेला?"

"हो मॅडम."

"मग मान खाली घालून बोलू नकोस. बोलताना मला तुझं तोंड दिसलं पाहिजे. आणि मॅडम नको. बाई म्हण."

मला वाटलं, मला धीर यावा म्हणून म्हणतायत. तसंही असेल. पण तोंड दिसलं पाहिजे, हे त्या सगळ्यांनाच सांगायच्या. त्यांची खुर्ची खोलीच्या कोपऱ्यात होती, पाठ भिंतीला आणि समोर सगळी टेबलं. तंबाखू खाणाऱ्यांवर त्यांचा राग होता, पण तो तब्येतीच्या काळजीनं नव्हे. "तोबरा भरून बोलणाऱ्याचं मला काही कळत नाही," म्हणायच्या. फोन वाजला की माझ्याकडे सरकवायच्या. स्वतः बोलायच्या तेव्हा आवाज जेमतेम निघायचा, ओठ मात्र ठळक हलायचे, एकेक अक्षर पुढं ठेवल्यासारखे. नवीन माणसाला वाटे, बाईंचा घसा बसलाय. त्या हसल्या तरी आवाज यायचा नाही. खांदे हलायचे आणि डोळ्यांत पाणी यायचं, तेवढंच.

त्यांना ऐकू चांगलं येत होतं. म्हणूनच हे सगळं कोड्यासारखं वाटायचं.

पहिल्या वर्षात त्यांनी माझ्याकडून टिपणं लिहून घेतली आणि हिरव्या शाईनं खोडली. मी कॉलेजात शिकलेली भाषा वापरायचो. "सदर प्रकरणी सर्वंकष विचार होणे क्रमप्राप्त आहे," असं काहीतरी. बाई त्याखाली रेघ मारायच्या. "चौगुले, हे वाक्य रिकामं फिरतंय. सूत कुठाय यात? कोण करणार, काय करणार, कधी करणार?" मी पुन्हा लिहायचो. त्या पुन्हा खोडायच्या. खात्याची परीक्षा आली तेव्हा महिनाभर माझं अर्धं काम स्वतःच्या टेबलावर ओढून घेतलं आणि वर मलाच दटावलं, "पास झाला नाहीस तर हे सगळं व्याजासकट परत करणार आहे." डब्यात बांगडा आणायच्या. घाटावरच्या मला काटे काढता येत नव्हते. एकदा मी न चावताच गिळत होतो. त्यांनी ताट ओढून घेतलं, अख्खा बांगडा सोलून दिला आणि म्हणाल्या, "पदवीधर झालास, पण तुला माशाचा कणा सापडत नाही."

त्याच सुमाराला कृषी पर्यटनाची फाइल आमच्याकडे आली. शेतकरी शेतात दोन-चार खोल्या बांधून शहरातले पाहुणे उतरवू लागले होते. ते चांगलं चाललं होतं, पण नियम काहीच नव्हते. कुणी हॉटेल बांधून त्याला शेत म्हणे, कुणी खऱ्या शेतात पाहुण्यांना संडासही देत नसे. नोंदणी कुणाला द्यायची, तपासणी कशाची करायची, याच्या अटींचा मसुदा बाईंनी लिहायचा होता. पहिल्या तीन अटी सरळ होत्या. प्यायचं पाणी आणि संडास, साप चावला तर उपचाराची सोय, खोल्यांची संख्या. चौथी अट बाईंनी स्वतःच्या मनानं घातली. शेत चालू असलं पाहिजे. म्हणजे त्या वर्षात तिथं पीक लावलेलं, काढलेलं आणि कुणीतरी खाल्लेलं असलं पाहिजे.

समितीतले एक अधिकारी म्हणाले, "बाई, 'खाल्लेलं' हा शब्द नियमात कसा चालेल?"

"मग दुसरा शब्द घाला. पण ते कुणाच्या तरी पोटात गेलं पाहिजे."

लोक हसले. बाई हसल्या नाहीत. एरवी स्वल्पविरामावरसुद्धा तडजोड करणाऱ्या बाई या एका अटीवर अडून बसायच्या. बैठकांमागून बैठका झाल्या. समितीत काही केंद्रांचे मालक होते, सल्लागार होते. त्यांना ती अट नको होती. एका बैठकीत लांबलचक टेबलाच्या त्या टोकाला दोन गृहस्थ एकमेकांच्या कानाशी लागले. मी बाईंच्या शेजारी होतो, मला काही ऐकू आलं नाही. ऐकू येण्यासारखं नव्हतंच. बाई त्यांच्याकडे पाहत होत्या. त्यांचं कुजबुजणं संपल्यावर म्हणाल्या, "मला निवृत्त व्हायला अजून अवकाश आहे साहेब. तोवर चहा घ्या, गार होतोय."

दोघांचे चेहरे पांढरे पडले. नंतर त्यांच्यातल्या एकानं मला जिन्यात गाठलं. "खोलीत काही यंत्र बसवलंय का हो?"

मी बाईंना तसंच्या तसं सांगितलं. त्यांचे खांदे हलले. मग म्हणाल्या, "काय म्हणत होते माहितीय? बाई जाईपर्यंत थांबू, मग अट आपोआप जाईल." आणि पुढच्या कागदाला लागल्या.

मसुदा पक्का करण्याआधी काही केंद्रं प्रत्यक्ष बघायची ठरली. डिसेंबरातल्या एका शनिवारी आम्ही कर्जतच्या अलीकडं एका मोठ्या केंद्रावर गेलो. गाडी लागते म्हणून बाई सगळी वाट लिंबू हुंगत बसल्या होत्या. केंद्र देखणं होतं. कमानीला कणसांची तोरणं, शेणानं सारवलेलं अंगण, चूल, बैलगाडीतून फेरी. मालक तरुण, शिकलेला, अदबशीर. आम्हाला पिठलं-भाकरी वाढताना स्वतः उभा राहिला. जेवणानंतर म्हणाला, "चला, आता भातलावणी."

मला वाटलं, चेष्टा करतोय. आमच्याकडं लावणी आषाढात होते. पण खरंच खाली एक खाचर पाण्यानं भरलेलं होतं. एकसारखी हिरवी लुगडी नेसलेल्या बायका वाकून रोपं लावत होत्या. कर्ण्यावर लावणीची गाणी चालली होती. शहरातली मुलं चिखलात उतरून किंचाळत होती, आईबाप बांधावरून फोटो काढत होते. मला आपलं हसू येत होतं. बाईंकडे पाहिलं तर त्यांच्या चेहऱ्यावर मी कधी न पाहिलेलं काहीतरी होतं. त्या बायकांच्या तोंडांकडं पाहत होत्या. कर्ण्याच्या आवाजात त्या बायका एकमेकींशी काहीतरी बोलत होत्या, आणि बाई ते बघत होत्या.

मग त्यांनी चपला काढल्या, साडी वर खोचली आणि चिखलात उतरल्या. लालबागच्या चाळीत जन्म गेलेली बाई. दुसऱ्याच पावलाला घसरल्या. मी हात दिला. त्या शेवटच्या टोकाला वाकलेल्या बाईपाशी जाऊन उभ्या राहिल्या.

"नाव काय गं तुझं?"

"सुमन."

"आत्ता काय म्हणालीस शेजारणीला?"

"काय नाय बाई."

"मेलेल्याला किती वेळा पुरायचं, असं म्हणालीस."

सुमनच्या हातातली रोपं पाण्यात पडली. तिनं आधी कर्ण्याकडं पाहिलं, मग बाईंकडं. "तुमाला कसं ऐकू आलं?"

बाईंनी एक रोप उपटून माझ्या हातात दिलं. "चौगुले, तू शेतकऱ्याचा पोरगा. हे बघून सांग."

भाताचं रोप लावलं की थोड्याच दिवसांत पांढरी मुळं फुटतात आणि माती धरतात. या रोपाला मुळांच्या जागी काळपट, बुळबुळीत दोरे होते. मी सुमनकडं पाहिलं. तिनं सगळं सांगून टाकलं. सकाळी लावायचं. पाहुणे गेले की उपटायचं. जुड्या बांधून पाण्यात ठेवायच्या. दुसऱ्या दिवशी पुन्हा तीच रोपं. पार कुजली की नवी आणायची.

"आणि भात?" बाईंनी विचारलं.

"भात कसला बाई. तांदूळ दुकानातनं येतो."

बाई वळल्या, तर सुमन मागून म्हणाली, "तुमी हे बंद करणार ना?" तिचा आवाज चढला होता. "माजी सोताची खाचरं हायत त्या वड्याच्या पलीकडं. तितं लावणी वर्षातनं एकदा. हितं रोज. त्या खऱ्या लावणीवर माजी पोरगी शाळेत गेली नसती. तुमाला काय, तुमी बघून जाणार."

बाई तिच्या तोंडाकडं पाहत उभ्या राहिल्या. तिचं बोलून संपल्यावरसुद्धा तशाच उभ्या राहिल्या.

वर आल्यावर मालक म्हणाला, "मी खोटं काय केलं, सांगा ना. पावसाळ्यात लोक चिखलात येत नाहीत. इथं निदान मुलांना कळतं, भात कुठून येतो."

"कुठून येतो?" बाईंनी विचारलं.

तो हसला. वाईट माणूस नव्हता तो.

येताना गाडीत बाई एकदाच बोलल्या. "ती मला बरोबर बोलली." मी म्हटलं, "मग अट काढायची का?" त्यांनी लिंबू हातात फिरवलं. "मी तिचं काम काढायला नाही बसले रे. मी फक्त त्याला शेत म्हणणार नाही." त्यांनी अहवालात तसंच लिहिलं. मनोरंजन केंद्र म्हणून चालवायला हरकत नाही, शेत म्हणून नोंदणी देता येणार नाही. मालकाला ते मान्य नव्हतं. शेत हा शब्दच तर तो विकत होता. तो वरपर्यंत गेला आणि चौथ्या अटीवरचा दाब वाढला.

त्या दिवसांत बाई आजारी पडल्या. अहवालाच्या प्रतीवर सही हवी होती, म्हणून रविवारी दुपारी मी लालबागला त्यांच्या घरी गेलो. एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच. चाळीची एकच खोली, आत बाई आणि त्यांची म्हातारी आई. खोलीत तिन्ही बाजूंना कपाटं, फळ्या, देव, डबे, गणपतीचं कॅलेंडर. चौथी भिंत मात्र कोरी होती. खिळासुद्धा नव्हता. खाली सतरंजी होती, म्हणून मी तिथं बसलो आणि पाठ टेकायला गेलो.

"थंय टेकू नको रे झिला," म्हातारी एकदम म्हणाली. "ती भित तेंची."

मी दचकून पुढं सरकलो. 'तेंची' म्हणजे कुणाची, ते विचारायचं धाडस झालं नाही. बाई तापानं मलूल होत्या, पण उठून बसल्या.

"माझे बाबा साचेखात्यात होते," त्या म्हणाल्या. "ही भिंत आणि मिलचं आवार, मध्ये एका माणसापुरती बोळ. साचे चालू असले की भिंत हलायची."

साचा म्हणजे माग. साचेखात्यात इतका आवाज असतो की वर्षा-दोन वर्षांत कान जातात. माणसं ओठांवरून बोलायला शिकतात. बाईंच्या बाबांचे कान कधीच गेले होते. घरात सगळे त्यांच्याशी बिनआवाजाचं बोलायचे. बाई बोलायला शिकल्या त्या तशाच.

"संप झाला तेव्हा मी कॉलेजात होते," त्या म्हणाल्या. "वर्ष होत आलं. घरात काय होतं ते विचारू नकोस."

"रोज भितीक हात लावन बसत," आई म्हणाली. "दिवसभर."

"एक दिवस भिंत हलायला लागली. बाबांनी आम्हाला बोलावून हात लावायला लावला. खरंच हलत होती. म्हणाले, चालू झालं, सगळे आत गेले, मीच मागे राहिलो. कान असते तर कळलं असतं रे. सूत घातलेल्या साच्याचा आवाज वेगळा, रिकाम्याचा वेगळा. पण हाताला दोन्ही सारखेच लागतात."

"माका वाटला, सुटलो एकदाचे," म्हातारी म्हणाली. "धुतलेला शर्ट दिलंय. डबो दिलंय."

बाबा आत गेले. साचेखात्यात साच्यांची एक रांग फिरत होती. सूत नेणारे धोटे रिकामेच आपटत होते. एकाही साच्यावर सूत नव्हतं. बाहेरच्या लोकांना मिल चालू झाल्यासारखं वाटावं, म्हणून मालकांनी नुसतेच साचे फिरवत ठेवले होते. बाबांनी लांब उभ्या असलेल्या जॉबरला, म्हणजे मुकादमाला, ओठांनी विचारलं, ताणा कुठाय? जॉबरनं ओठांनीच सांगितलं, गप उभा राहा, आवाज बाहेर जाऊ दे.

"दुपारी बाबा पुढच्या दरवाजानं बाहेर आले. मागच्या दरवाजानं आले असते तर कुणाला कळलंही नसतं. पण चोरी केली नव्हती ना, मग मागून कशाला, असं त्यांना वाटलं. दरवाजावर आपलीच माणसं होती, संपावरची. कुणी हात लावला नाही. शिवी दिली नाही." बाईंनी चादर खांद्यावर ओढून घेतली. "त्या दिवसापासून चाळीत कुणी त्यांच्याशी बोललं नाही. पण गॅलरीत उभं राहून एकमेकांशी बोलायचे. बिनआवाजाचं. सगळी साचेखात्यातलीच माणसं. बाबांना ऐकू येत नाही पण दिसतं, हे त्यांना चांगलं ठाऊक होतं. आणि मलाही दिसायचं."

"काय म्हणायचे?"

बाईंनी ओठ हलवले, आवाज केला नाही. मला ते वाचता आलं नाही आणि त्यांनी पुन्हा सांगितलं नाही.

"मग बाबा दाराकडं पाठ करून बसायला लागले. या भिंतीकडं तोंड करून. लोक म्हणायचे, बिचाऱ्याला मिलची आठवण येते. त्यांना आठवण बिठवण नव्हती. त्यांना तोंडं बघायची नव्हती. गेले ते तसेच बसल्या बसल्या."

खालून भाजीवाल्याची हाक आली. म्हातारीनं माझ्यापुढं कप सरकवला. "चाय घेशीत मां?" मी कप घेतला. मग ती हळूच, जणू गुपित सांगावं तशी म्हणाली, "अजून हलता हां ती."

बाई म्हणाल्या, "पलीकडे टॉवरचं काम चालू आहे. जमिनीत खांब ठोकतात, म्हणून हलते. मी तिला रोज सांगते." मग भिंतीकडं पाहून म्हणाल्या, "पण हाताला सारखंच लागतं, हे खरं."

त्या दिवशी सही घेऊन मी लालबागहून परळपर्यंत चालत गेलो. गिरण्यांच्या जागी उभ्या राहिलेल्या काचेच्या इमारती मी रोजच पाहत होतो. त्या दिवशी मला त्यांच्याकडं मान वर करून पाहवेना. वाक्य रिकामं फिरतंय, असं बाई म्हणायच्या तेव्हा त्यांना काय दिसत होतं, ते मला आत्ता कळलं होतं. हिरव्या लुगड्यातल्या बायकांच्या रांगेसमोर त्या इतका वेळ का उभ्या राहिल्या, तेही.

त्यानंतर बाई सुमनबद्दल अधूनमधून विचारत. तिची मुलगी कितवीत असेल, केंद्र चालू आहे का. एकदा म्हणाल्या, "बाबांनाही त्या दिवशीच्या हजेरीचे पैसे मिळाले असते रे. संध्याकाळपर्यंत उभे राहिले असते तर." त्यांनी ते कौतुकानं म्हटलं की पस्तावून, मला सांगता येणार नाही. बहुतेक त्यांनाही सांगता आलं नसतं. चौथी अट मात्र त्यांनी सोडली नाही. प्रत्येक मसुद्यात ती खोडून यायची आणि प्रत्येक मसुद्यात त्या पुन्हा हिरव्या शाईनं लिहायच्या. करोनाच्या काळात सगळ्यांच्या तोंडावर मास्क आले तेव्हा त्या फार खचल्या. "सगळं कार्यालय भिंतीकडं तोंड करून बसल्यासारखं वाटतं," म्हणाल्या. पण अट राहिली. निवृत्तीच्या दिवशीसुद्धा ती मसुद्यात होती. निरोपाच्या भाषणात साहेबांनी त्यांच्या चिकाटीचं कौतुक केलं, लोकांनी टाळ्या वाजवल्या, बाईंनी शाल घेतली आणि माझ्याकडं पाहून ओठांनी काहीतरी म्हणाल्या. मला वाटतं, "सांभाळ" म्हणाल्या. तेवढं मला कळलं.

मी सांभाळायचा प्रयत्न केला. टिपण लिहिलं. कॉलेजातल्या भाषेत नाही, बाईंनी शिकवलं तसं. कोण, काय, कधी. ते वर गेलं आणि थोड्याच दिवसांत अंतिम मसुदा खाली आला. चौथी अट गेली होती. तिच्या जागी नवी ओळ होती. पाहुण्यांना भेटीच्या दिवशी शेतीविषयक अनुभव उपलब्ध असावा.

फोनवर सांगणं मला जमेना. त्यांना फोन आवडत नसे, हे निमित्त झालं. मी लालबागला गेलो. चाळ पाडायची होती आणि त्या दिवशी त्यांच्या मजल्यावरची घरं रिकामी होत होती. रस्त्याच्या पलीकडं टेम्पो उभा होता. कपाटं, पिंप, गुंडाळलेल्या गाद्या चढत होत्या. म्हातारी टेम्पोत पुढं बसली होती. बाई मागं उभं राहून माणसांना हातानं सांगत होत्या. मी अलीकडच्या फुटपाथवर होतो. मध्ये बस, टॅक्सी, हातगाड्या, पुलाखालचा घुमणारा आवाज. हाक मारून उपयोग नव्हता. त्यांचं लक्ष आपोआप माझ्याकडं गेलं आणि त्या नेहमीसारख्या माझ्या तोंडाकडं पाहू लागल्या.

मी आवाज न करता म्हणालो, "बाई, चौथी अट काढली."

त्यांना कळलं. मान एकदाच हलली. मग त्या बोलू लागल्या. दोन-चार वाक्यं असतील. ओठ ठळक हलत होते, मला समजावं म्हणून आणखी ठळक. इतकी वर्षं त्यांच्या शेजारी बसून मी हे शिकलो नव्हतो. मी कळलं नाही अशी मान हलवली, कानाकडं बोट दाखवलं. त्यांचे खांदे हलले, म्हणजे हसल्या. एक बस आमच्या मध्ये येऊन सिग्नलला थांबली. ती हलली तेव्हा टेम्पो वळून परळच्या दिशेनं निघाला होता आणि बाई आईशेजारी बसल्या होत्या, पाठ माझ्याकडं.

त्यानंतर मी बाईंना पाहिलं नाही. शीव कोळीवाड्याच्या बाजूला त्यांना तात्पुरतं घर मिळालं, एवढं कळलं. मी कोकणात बदली मागून घेतली. तिथून त्यांना हे पत्र पाठवलं.

"बाई, नमस्कार.

मी आता तुमच्या मुलखात आहे, कुडाळच्या पुढं. केंद्रांची तपासणी माझ्याकडं आली आहे. पहिलीच तपासणी काय झाली ते तुम्हाला सांगितल्याशिवाय राहवत नाही.

नाईक नावाचे वृद्ध गृहस्थ आहेत. ते, त्यांची पत्नी, चिऱ्याच्या दोन खोल्या, खाली भाताची खाचरं. मी गेलो तेव्हा मुंबईचं एक कुटुंब उतरलं होतं. मुलांना शेतात जायचं होतं. नाईक काठी घेऊन बांधावर उभे राहिले. म्हणाले, 'आज खाली कोण उतराचा नाय. भात फुलार इला हा.' मुलांचे वडील रागावले. आम्ही एवढ्या लांबून आलो, पैसे भरले, मग दाखवणार काय? नाईक म्हणाले, 'पैशे परत घेवा. भात परत येवचा नाय.' मी पुढं होऊन सांगितलं, मी तपासणी अधिकारी, मला तरी खाली जाऊन बघावं लागेल. माझ्याकडं वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाले, 'मगे तुमका तरी कळाक व्हया.'

मला कळत होतं बाई. फुलोऱ्यात आमचा बापसुद्धा कुणाला खाचरात शिरू द्यायचा नाही. फूल झडलं तर दाणा भरत नाही. आम्ही सगळे ओटीवर बसून राहिलो. नाईकबाईंनी सोलकढी दिली. वारा नव्हता. वरून पाहिलं तर शेतात काहीच घडत नव्हतं. मुलं थोड्या वेळानं कंटाळून झोपली.

नव्या नियमाप्रमाणं हे केंद्र नापास होतं. भेटीच्या दिवशी अनुभव उपलब्ध आहे का, याचं उत्तर नाही असंच लिहावं लागलं, आणि मी ते लिहिलं. कर्जतचं केंद्र याच नियमात पास झालं आहे. सुमन अजून तिथं आहे. मुलगी बारावीला आहे, हेही विचारून घेतलं.

तुमची अट मला परत आणता आली नाही. साहेबांना दोनदा भेटलो. पुन्हा भेटेन. पण तपासणी अधिकाऱ्याचं मत लिहायची जागा त्यांनी अजून ठेवली आहे. नाईकांच्या बाबतीत तिथं मी पुढीलप्रमाणे लिहून पाठवलं आहे. खोडायचं असेल तर हिरव्या शाईनं खोडा.

'पाहुण्यांना शेतात उतरू दिलं नाही. तपासणी अधिकाऱ्यालाही उतरू दिलं नाही. शेत चालू आहे. नोंदणी द्यावी.'

तुमचा,
चौगुले"